आवाज वाढवू नका मालक, भिंती झाका

हॉल घुमतो म्हणून सोलापुरात कुणी भिंतीवर पैसे खर्च केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. घुमला की नवा स्पीकर येतो. तोही घुमला की त्याहून मोठा येतो, त्याच्या जाळीखाली देणगीदाराच्या नावाची पट्टी लागते, आणि पुढच्या लग्नात भटजींचं 'सावधान' सोडलं तर एक अक्षर कुणाला कळत नाही. 'सावधान' कळतं, कारण ते सगळ्यांना पाठच असतं. माईक-स्पीकर भाड्यानं देणं हा माझा धंदा. तेव्हा हे लिहून मी स्वतःच्याच पोटावर पाय देतोय, असं आमच्या लाईनीतली पोरं म्हणतील. म्हणू देत. घुमणाऱ्या हॉलमध्ये शिव्याही आम्हीच खातो.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला कार्यक्रम असला की माझे दोन कॉलम स्पीकर आणि एक साधा माईक पुरतो. धूळ, गर्दी, पाळण्यांचा गोंगाट, पिपाण्या, सगळं असतं. तरी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला भाषण कळतं. तेच कॉलम, तोच माईक, तोच वक्ता एखाद्या चकचकीत मंगल कार्यालयात नेला की दहाव्या मिनिटाला कार्यालयाचा माणूस येतो. "मालक, आवाज वाढवा की जरा. मागं काय बी कळंना झालंय." मी वाढवतो. मग पुढच्यांनाही कळेनासं होतं.

यात गूढ काही नाही. बोलणाऱ्याचा आवाज आपल्या कानात दोन वाटांनी येतो. एक सरळ, आणि दुसरी भिंत, छत, फरशी यांच्यावर आपटून आपटून. मैदानात दुसरी वाट जवळपास नसतेच. गेलेला आवाज गेला. हॉलमध्ये खाली ग्रॅनाइट, बाजूला गुळगुळीत प्लास्टर, दर्शनी बाजूला काच आणि वर पीओपी. यातलं काहीही आपटलेल्या आवाजातले शंभरात दोन-तीन भागच खातं, बाकी सगळा परत फेकतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. १५ मीटर रुंदीच्या हॉलमध्ये तो एका सेकंदात या भिंतीवरून त्या भिंतीवर वीस-बावीस वेळा जातो. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. आवाज विझायला तीन सेकंद लागत असतील तर पंधराएक अक्षरं एकाच वेळी हवेत तरंगत असतात, आणि त्यातून श्रोत्यानं आत्ताचं अक्षर निवडून घ्यायचं. मी बटण फिरवलं की सरळ आलेला आवाज जेवढा वाढतो तेवढाच आपटून आलेलाही वाढतो. दोघांचं प्रमाण तसंच राहतं. शब्द कळणं त्या प्रमाणावर असतं, माझ्या अॅम्प्लिफायरच्या वॅटवर नाही.

एवढं सांगितलं की समोरचा माणूस गोल घुमटाचं नाव काढतो. सोलापूरकरांच्या शाळेच्या सहली विजापूरलाच जातात. शंभर किलोमीटरवर आहे, आणि तिथं ओरडून आला नाही असा माणूस इथं सापडायचा नाही. १६५६ साली पुरी झालेली मुहम्मद आदिलशहाची कबर. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, आणि एक टाळी कितीतरी वेळा परत येते. फार सुंदर. पण ती कबर आहे. तिथं कुणाला सूचना द्यायच्या नाहीत, सत्कारमूर्तींची नावं वाचायची नाहीत, पाढे शिकवायचे नाहीत.

पूर्वी आपल्याकडे घुमण्याचा त्रास एवढा नव्हता, याचं कारण आपल्या डोळ्यांसमोर होतं. माळवदाच्या घराला मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि फळ्या, खाली घोंगडी-वाकळा, आणि दार-खिडक्या उघड्या. जुन्या सभागृहांनाही उंच खिडक्या आणि दोन्ही बाजूंना व्हरांडे असत. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे उघडी खिडकी शंभरातले शंभर भाग खाते. आता उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, त्यामुळे एसी लागला, एसीसाठी खिडक्या बंद झाल्या, पुढे त्या जागी जाड काचा बसल्या. थंडावा आला, आणि हॉलमधलं सगळ्यात चांगलं शोषक आपण हातानं बंद केलं. एसीला माझा विरोध नाही. मे महिन्यात मिक्सरमागं उभं राहणाऱ्यानं तर नसावाच. पण जेवढी खिडकी बंद केली तेवढं शोषण दुसरीकडे द्यायला हवं, हा हिशेब कुणी करत नाही.

हा हिशेब मांडणारा पहिला माणूस वॉलेस सबाइन. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उघडली आणि तिथल्या व्याख्यानाच्या दालनात एक शब्दही कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या या तरुणाला सांगितलं, बघा काही होतं का. त्यानं शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणवल्या. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून रात्री काम करायचं, गाद्या वाहून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी काही गाद्या, पुन्हा नळी, पुन्हा मोजणी. उजाडायच्या आत गाद्या जागेवर परत. सगळ्या गाद्या आत आल्या तेव्हा वेळ एका सेकंदाच्या थोडा वर उरला होता. या हमालीतून जे सूत्र निघालं ते आजही जगभर वापरतात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ नं गुणा, आणि खोलीत जेवढे चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषण आहे त्यानं भागा. उत्तर सेकंदात मिळतं. १९०० साली उघडलेलं बोस्टनचा सिंफनी हॉल याच हिशेबावर बांधला, आणि त्याची वाखाणणी अजून चालू आहे.

म्हणजे औषध काय, तर सूत, कापड, गादी. आणि हे मी कुठल्या गावात लिहितोय? ज्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात.

टॉवेल जवळून बघा. टेरीच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन ताणे असतात, एक ताठ आणि एक सैल. साधारण तीन आडवे धागे पडले की ते एकदम पुढं ठोकले जातात आणि सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात. त्या फाशांमध्ये हवा अडकलेली असते. आवाज म्हणजे हलणारी हवाच. ती या तंतूंमधून ये-जा करताना घासते आणि आवाजाची ताकद किंचित उष्णतेत जिरते. शोषक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वस्तू तोंडाला लावून फुंकर मारा. फुंकर थोडी अडून पलीकडे गेली तर माल कामाचा. थर्माकोलमधून जात नाही. तेव्हा लग्नातल्या थर्माकोलच्या महिरपीचा आवाजाला काडीचा उपयोग नाही. अंड्यांचे ट्रे लावणारे महाभागही मी पाहिलेत. रेक्झिनच्या गुबगुबीत गाद्यांचंही तेच: आत कापूस, पण तोंड शिवलेलं. आणि चांगल्या शोषक भिंतीवर पुढच्या दिवाळीला ऑइलपेंट मारणारे तर घरोघरी आहेत.

तरीही नुसता टॉवेल भिंतीला खिळला की काम झालं, असं नाही. आपल्या पोरांची इथंच गफलत होते. पातळ कापड फक्त वरचे, तीक्ष्ण सूर खातं. आवाज जेवढा खर्जातला तेवढी त्याची लाट लांब: १००० हर्ट्झची लाट ३४ सेंटिमीटरची, १०० हर्ट्झची ३.४ मीटरची. कापड लाटेच्या पावभागाइतकं भिंतीपासून दूर असलं तर उत्तम काम करतं, कारण भिंतीलगत हवा हलतच नाही. म्हणून कापडाचे थर करायचे, आणि मागं चार बोटं नव्हे, चांगली वीतभर पोकळी सोडायची. छताला टांगले तर आणखी बरं. दोन्ही अंगांनी खातात. पण १०० हर्ट्झसाठी पावभाग म्हणजे ८५ सेंटिमीटर. एवढी जागा कोण देणार? मग होतं असं की टॉवेल 'स', 'त', 'च' गिळतो आणि खर्ज तसाच घुमत ठेवतो. हॉल बसक्या आवाजात बडबडायला लागतो. आधीपेक्षा वाईट.

खर्जाला लागतो अनुनादक, म्हणजे रेझोनेटर. घागर नळाखाली भरताना तिचा सूर चढत जातो, हे घरातल्या बाईला आवाजावरून कळतं. पाणी कुठवर आलं ते वाकून बघावं लागत नाही. पोटातली हवा स्प्रिंगसारखी दबते-फुगते आणि तोंडातली हवा तिच्यावर आत-बाहेर हलते. रिकाम्या, दहा लिटरच्या, रुंद तोंडाच्या घागरीचा सूर ढोबळ हिशेबानं दीडशे हर्ट्झच्या आसपास येतो. खोलीत तोच सूर घुमत असेल तर घागर त्याला आपल्यात ओढते, आणि तोंडाशी किंवा आत थोडं कापड असलं तर तिथंच जिरवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात याचं गणित मांडलं म्हणून त्याचं नाव लागलं. पण रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनं नाट्यगृहात काशाची भांडी बसवायला सांगितलं होतं, युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींत मडकी सापडतात, आणि जपानच्या नो रंगभूमीखाली मोठे रांजण पुरलेले असतात. त्या साऱ्यांचा उपयोग किती झाला यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला तेवढ्या पुराव्याची गरज नाही. आपण भिंतीत घागरी चिणायच्या नाहीतच.

आपला सुतार करू शकेल असं त्याचं रूप म्हणजे भोकं पाडलेला प्लाय आणि मागं पोकळी. प्रत्येक भोक एकेका घागरीचं तोंड. त्याहून सोपं हवं असेल तर सहा मिलिमीटरचा सलग प्लाय चौकटीवर मारा, मागं दहा सेंटिमीटर पोकळी ठेवा आणि तिच्यात थोडं सूत किंवा रॉकवूल घाला. हा प्लाय शंभर हर्ट्झच्या आसपास थरथरतो आणि तेवढा खर्ज खातो. कोपऱ्यात लावा, खर्ज तिथंच साचतो. म्हणजे वरच्या सुरांना टॉवेल, खालच्यांना प्लाय. दोन्ही मिळून.

आगीचं बोलल्याशिवाय हे लिहिणं बेजबाबदारपणा होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मे २०२५ मध्ये आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. सुती कापड पेटतं, आणि स्वस्तातला फोम त्याहून वाईट, विषारी धूर सोडत पेटतो. हॉलमध्ये अग्निरोधक प्रक्रिया केलेलंच कापड लागलं पाहिजे. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्याची जुनी पद्धत आहे, पण एक धुणं पडलं की ती निघून जाते. तेव्हा हे काम अग्निशमनवाल्यांना विचारून करायचं, वायरिंगपासून दूर करायचं, आणि ज्याला ते परवडत नाही त्यानं रॉकवूल घ्यावं. रॉकवूल दगडाचं असतं, जळत नाही.

मंगल कार्यालयांची मला फारशी काळजी नाही. लग्न चार तासांत संपतं, जेवण चांगलं असलं की लोक भाषण विसरतात. माझं खरं म्हणणं शाळांबद्दल आहे.

माझी बायको प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण सगळ्याच तशा आहेत. चौथ्या तासाला तिचा घसा बसतो. "अहो, मुलं दंगा करत नाहीत, वर्गच करतो," असं ती म्हणते, आणि शास्त्राच्या दृष्टीनं ते तंतोतंत खरं आहे. आठ मीटर बाय सहा मीटरचा, सव्वातीन मीटर उंचीचा स्लॅबचा वर्ग धरा. खिडक्या बंद, आत कुणी नाही, तर सबाइनच्या सूत्रानं आवाज विझायला चार सेकंदांच्या वर लागतात. चाळीस मुलं बसली की त्यांचे कपडेच थोडं शोषण करतात आणि वेळ दीड सेकंदावर येतो. एवढ्या वर्गासाठी २००२ सालचं अमेरिकन मानक सांगतं: ०.६ सेकंद, तेही मुलं नसताना. आपण मुलं धरून ०.६ गाठायचं म्हटलं तरी छताचा दोन तृतीयांश भाग शोषक तक्त्यांनी झाकावा लागेल. निम्मंच काम केलं तरी वेळ एका सेकंदाच्या आत येतो, आणि हा फरक मागच्या बाकावर लगेच कळतो.

सोलापुरात हे जास्त लागतं, त्याला कारण आहे. आमच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात, मीही त्यातलाच. शहरात कन्नड घरं आहेत, उर्दू घरं आहेत. यातली कितीतरी मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात जातात. ज्याची ती मायबोली आहे तो मुलगा अर्धा शब्द ऐकून बाकीचा अंदाजानं भरतो. जो भाषाच शिकतोय त्याच्याकडे भरायला काही नसतं. त्याला पूर्ण शब्दच ऐकू यावा लागतो. परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलांना घुमणाऱ्या वर्गाचा त्रास जास्त होतो, हे संशोधनातूनही दिसलं आहे. 'पोरगं लक्ष देत नाही' असा शेरा आमच्या भागातल्या किती वह्यांवर पडला असेल! स्मार्ट बोर्ड देणारे पुष्कळ भेटतात. तो बोर्डही शेवटी स्पीकरमधूनच बोलतो, त्याच खोलीत.

हा त्रास सोसणारी दुसरी माणसं आमच्या नान्नांसारखी, म्हणजे माझ्या वडिलांसारखी. आयुष्य यंत्रमागावर गेलं. कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांच्या रांगेत उभं राहून ती पाळली जाते की नाही हे कानालाच विचारा. तिथं माणसं खुणांनी बोलायची. अशा कानांतून आधी वरचे सूर जातात, म्हणजे नेमकी व्यंजनं. शांत खोलीत समोर बसून बोललं तर नान्नांना कळायचं. हॉलमध्ये ते नुसते मान हलवत बसायचे, आणि लोकांना वाटायचं म्हातारा मजेत आहे. या शहरात गिरण्या आणि मागांनी असे किती कान घडवले असतील याची कल्पना करा, आणि मग समाजमंदिराच्या भिंतीकडे बघा.

कारखान्यांबद्दल मात्र खोटी आशा देणार नाही. शेडच्या छताला शोषक लावले तर दूरच्या मागांचा गोंगाट थोडे डेसिबल उतरतो. स्वतःच्या मागापासून हातभर अंतरावरच्या कामगाराला त्याचा फायदा जवळपास शून्य. त्याला कानात घालायच्या गुंड्याच लागतात. तसंच, शोषक लावले म्हणून डीजे शेजाऱ्याला ऐकू येणं थांबत नाही. बाहेर जाणारा आवाज जड भिंत अडवते, मऊ नव्हे. दोन्हींची गल्लत करून पैसे घालवलेले लोक मला दर हंगामात भेटतात.

बाहेर जाणाऱ्या आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. त्यावर शहरात भांडणं होतात, बातम्या येतात. आतल्या आवाजाचं काय? सभागृहांसाठी भारतीय मानक १९६३ पासून आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आवाजावर वेगळा विभाग आहे. कागद भरपूर आहे. पण परवानगीच्या वेळी पार्किंग मोजतात, जिना मोजतात. आत उभं राहून एक टाळी कुणी वाजवून बघत नाही. महापालिकेनं निदान स्वतःच्या शाळांपुरतं आणि सभागृहांपुरतं हे सुरू करावं. मोजायला फोनमधलं फुकटचं अॅप प्राथमिक अंदाजाला पुरतं.

देणगीदारांची अडचण मला समजते. टॉवेल भरलेल्या तक्त्याचं उद्घाटन करता येत नाही, फीत कुठं बांधणार? तर चौकटीवर नाव घाला, माझी हरकत नाही. कापडाचा खर्च फार नाही. विणताना डाग पडलेला, काठ वाकडा आलेला सेकंडचा माल आपल्याकडे गठ्ठ्यांनी पडून असतो, आणि शोषणाला काठ सरळ असावा लागत नाही. खर्च आहे तो लाकडी चौकटीचा, अग्निरोधक प्रक्रियेचा आणि वर्षातून दोनदा धूळ ओढण्याचा. धूळ ओढली नाही तर उंदीर आणि खोकला दोन्ही येतील, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

एखाद्या कारखानदारानं कापड दिलं, एखाद्या शाळेनं एक वर्ग दिला, तर शिडी, ड्रिल आणि मोजणी माझ्याकडून. फक्त लग्नसराईत बोलावू नका. दिवाळीच्या सुट्टीत, तुळशीच्या लग्नाआधी, मी मोकळा असतो.